जमुनाबाईंचं जवस

अकोल्यात जठारपेठेकडच्या एका बोळात जमुनाबाई राहायच्या. त्यांच्या दारात कुणी नुसतं पाणी प्यायला थांबलं, तरी आधी त्याच्या हातावर चमचाभर जवसाची चटणी पडायची आणि मग पाण्याचा गडू यायचा. गॅसची टाकी आणणारा, विजेचं मीटर वाचणारा, मतदारयादी तपासायला आलेला मास्तर, कुणीच सुटलं नाही. "खाय रे बापा, पोटातला रोग पळते," असं म्हणून त्या समोर उभ्या राहायच्या आणि घास गिळल्याची खात्री होईपर्यंत हलायच्या नाहीत. त्यांचे यजमान उत्तमराव एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, मितभाषी गृहस्थ. ते एवढंच म्हणायचे, "मी इतके वर्ष खाऊन राह्यलो. रोगाचं मायीत नाही, पाहुणे मात्र पळाले."

चटणी मात्र झकास, यात वाद नाही. लोखंडी तव्यावर जवस तडतडेपर्यंत भाजायचं, सोबत सुकी मिरची, लसूण, जिरं, मीठ, आणि सगळं खलबत्त्यात जाडंभरडं कुटायचं. मिक्सरमध्ये फिरवून पीठ करणाऱ्या बायकांचं त्यांना वाईट वाटायचं. बी दाताखाली आलं नाही तर ती चटणी कसली, राखुंडीच ती. आजूबाजूच्या चार घरांत त्या चटणी विकायच्या, आणि विकण्यापेक्षा वाटायच्या जास्त.

हे जवसाचं वेड मुळात हौसेचं नव्हतं. जमुनाबाईंचं माहेर तेल्हारा तालुक्यातलं हिवरखेड. तिथे त्यांची आई पार्बताबाई पन्नाशीच्या आतच आतड्याच्या कॅन्सरनं गेली. मग थोरला भाऊ सहदेव गेला, त्याच दुखण्यानं, आईपेक्षाही लहान वयात. सहदेवाच्या शेवटच्या दिवसांत दवाखान्याच्या टीव्हीवर कुणी दाढीवाले वैद्य सांगत होते की जवसात एक खास तेल असतं आणि ते नेमानं पोटात गेलं तर कॅन्सर जवळ फिरकत नाही. जमुनाबाईंनी ते ऐकलं आणि तिथेच बाकावर बसून कपाळावर हात मारून घेतला. जवस तर आपल्याच वावरात व्हायचं. सोयाबीन आलं आणि ते गेलं. हे आधी कळलं असतं तर आई वाचली असती, सहदेव वाचला असता. त्या दिवसापासून त्यांची चटणी ही चटणी राहिली नाही, औषध झाली.

आता माहेरचा एकच जण उरला होता, धाकटा भाऊ वामनराव. त्याला काहीही होऊ द्यायचं नाही, हा जमुनाबाईंचा पण. वामनरावही असा की बहिणीचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. सगळं गाव कपाशी आणि सोयाबीन करत असताना हा पठ्ठ्या रब्बीत विहिरीजवळच्या पट्ट्यात जवस पेरायचा. बाजारात त्याला कुत्रं विचारत नव्हतं. बांधावरून जाणारे हसायचे, "वामनराव, निळे फुलं पाहाले पेरलं काय?" तो सांगायचा, "मायी बाई मांगते." थोरल्या बहिणीला तो बाई म्हणायचा. अक्षय तृतीयेला जवसाचं पोतं एसटीच्या टपावर टाकून तो अकोल्याला यायचा आणि परत जाताना त्याच जवसाच्या चटणीचे डबे घेऊन जायचा. सकाळ-संध्याकाळ भाकरीबरोबर चटणी, नेम कधी चुकला नाही.

गुलाबी बोंडअळीनं कपाशी पोखरून टाकली, त्या हंगामानंतरची गोष्ट. त्या वर्षांत वऱ्हाडात शेतकऱ्यांच्या मरणाच्या बातम्या एवढ्या छापून यायच्या की साध्या दुखण्याला दुखणं म्हणायची लोकांना लाज वाटायची. वामनरावही बोलला नाही. बोलली त्याची बायको दुर्गाबाई, तीही नणंदेशी नाही तर नणंदेच्या मुलीशी, फोनवर. "प्रणाली, तुया मामाले संडासातून रगत पडून राह्यलं. मुळव्याध होय म्हनते. मले काई ते पटत नाही."

प्रणाली अमरावतीला एम.एस्सी. करत होती. विषय अनुवंशशास्त्र, म्हणजे आईबापाकडून काय आणि कसं उतरतं त्याचा अभ्यास. तिनं फोन ठेवला आणि पहिल्या गाडीनं अकोल्याला येऊन आईला सांगितलं, "मामाची आतड्यात नळी घालून तपासणी करायची. आजीला झालं, सहदेवमामाला झालं. आता थांबायचं नाही."

वामनरावांना बोलावून घेतलं. ते आले, भाचीचं सगळं ऐकून घेतलं आणि हसले. "पोरी, मले कॅन्सर कसा होईन? मी बाईचं जवस खातो."

खरं सांगायचं तर हे ऐकून जमुनाबाईंना क्षणभर बरंच वाटलं. एवढा विश्वास कुणी आपल्या हातच्या चटणीवर ठेवला तर कुणाला बरं वाटणार नाही? पण लेकीचा चेहरा पाहून त्या म्हणाल्या, "वामन्या, जवस तं आहेच. पण तपासाले काय जाते? मायासाठी जाय." बाईनं म्हटलं म्हणजे संपलं. वामनराव तयार झाले.

प्रणालीनं अमरावतीच्या एका डॉक्टरबाईंकडे वेळ ठरवली आणि आईला फोनवरून तीनतीनदा बजावलं. तपासणीच्या आधीचे दिवस मामाला अकोल्यातच ठेव. मऊ भात, वरणाचं पाणी, दही. बिया मुळीच नाहीत. तीळ नाही, टमाट्याच्या बिया नाहीत, पेरू नाही, आणि आई, जवस तर अजिबात नाही. बिया आतड्यात चिकटून राहतात आणि कॅमेऱ्याला काही दिसत नाही.

पहिले दोन दिवस जमुनाबाईंनी पथ्य काटेकोर पाळलं. तिसऱ्या दिवशी दुपारी वामनराव भाताच्या ताटाकडे बघत बसले. "बाई, चटणीबिगर घास उतरत नाही वं. अन दुसरी गोष्ट, येवढे वर्ष नेम केला अन नेमका तपासाच्या टायमालेच सोडला, तं रोगाले मोका भेटन ना?"

आता यावर कुणी शहाण्या माणसानं म्हटलं असतं, गप भात खा. पण जमुनाबाईंच्या मनात तीच भीती कालपासून वळवळत होती. डॉक्टरांनी बियांना मनाई केली, हे खरं. पण तीळ वेगळा, पेरू वेगळा. जवस काय नुसतं बी आहे? जवस औषध आहे. बीपीची गोळी कुठे बंद करायला सांगतात? त्यांनी फळीवरचा डबा काढला आणि भावाच्या भातावर चमचाभर चटणी घातली. मग आणखी एक चमचा. वामनरावांनी ताट चाटून पुसून साफ केलं, आणि दुसऱ्या दिवशीही तेच झालं.

अमरावतीला पोट साफ करायचं औषध तांब्यातांब्यानं पिऊन वामनराव आत गेले आणि थोड्याच वेळात बाहेर आले. डॉक्टरबाई चिडल्या होत्या. त्यांनी पडद्यावरचं चित्र प्रणालीला दाखवलं. सगळीकडे तपकिरी ठिपके चिकटलेले. "हे काय खाल्लंय यांनी? मला निम्मंसुद्धा दिसलं नाही. पुन्हा करावी लागेल." प्रणालीनं आईकडे पाहिलं. जमुनाबाईंनी दवाखान्याची फरशी फार बारकाईनं पाहायला सुरुवात केली.

आणि वामनराव? गुंगीतून उठून त्यांनी ते चित्र पाहिलं आणि त्यांची छाती फुगली. "पाय बाई! आत जवसच जवस. रोगाले बसाले जागा तरी हाय काय?"

ते थेट हिवरखेडला गेले. पुन्हा तपासणीचं नाव काढलं की म्हणायचे, झाली ना एकदा. पारावर बसून त्यांनी सगळ्या गावाला ते चित्र तोंडी रंगवून सांगितलं. कॅमेरा लावला, मशीन लावलं, अन डॉक्टरीन म्हणे, काई दिसत नाही. आठ दिवसांत जमुनाबाईंच्या फोनवर हिवरखेडच्या बायका डबे सांगायला लागल्या. दुर्गाबाईचाही एक फोन आला, पण तो डब्यासाठी नव्हता. "बाई, रगत पडनं काई थांबलं नाही. मी बोलली तं म्हनते, तू माया बहिनीपेक्षा शायनी काय?"

त्या दिवशी जमुनाबाईंनी खलबत्ता काढलाच नाही. प्रणाली घरी होती. तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तू मले आता नीट सांग. भांडू नको, हसू नको. जवसानं कॅन्सर टयते का नाही?"

प्रणालीनं वही-पुस्तक काही काढलं नाही. "आई, माणसांना नुसतं विचारलं, काय खाता आणि काय होतं, तर घोळ होतो. जो जवस खातो तो बहुतेक तंबाखू खात नाही, फिरायला जातो. मग त्याला नेमकं कशानं बरं राहिलं, ते कसं कळणार? म्हणून अभ्यास करणाऱ्यांनी दुसरी वाट काढली. जवसाच्या काय, कुठल्याही तेलातून आपल्याला जी आम्लं मिळतात, फॅटी ॲसिड म्हणतात त्यांना, ती रक्तात किती राहतात हे थोडंफार जन्मापासूनच ठरलेलं असतं. आईबापाकडून जसं आलं तसं. चिठ्ठी उचलावी तशी ती वाटणी होते. त्यात कुणी श्रीमंत म्हणून जास्त नाही की नेमाचा म्हणून जास्त नाही. मग लाखो माणसं घेतली आणि पाहिलं, ज्याच्या चिठ्ठीत जे आलं त्याला पुढे काय झालं."

"मंग काय झालं?"

"एका प्रकारचं आम्ल ज्यांच्या अंगात जन्मतःच जास्त बनतं, त्यांच्यात आतड्याचा कॅन्सर थोडा जास्त दिसला. थोडाच. पण ते अंगात बनण्याचं झालं, ताटातलं नाही. बी आपण टाकतो, घाणी ज्याची त्याची. शिवाय एकाच जनुकावर सगळा भार, आणि तपासलेली माणसं बहुतेक परदेशातली. अभ्यास करणारेच म्हणतात, यावरून घाईनं काही ठरवू नका. पण एवढं नक्की आई, की जवस खा आणि निवांत राहा, असं त्यातून कुणालाच सांगता येत नाही. आणि आपल्या घरात एवढ्या लहान वयात दोघं गेली, म्हणजे आपल्याकडे याहून जोराचं काहीतरी उतरत असेल. त्याला तेल पुरं पडत नाही. आत पाहायचं आणि गाठ लहान असताना काढायची, एवढाच उपाय."

जमुनाबाईंनी पदराचा काठ बोटाला गुंडाळला. मग त्यांनी जे विचारलं ते प्रणालीच्या ध्यानीमनी नव्हतं. "म्हनजे मायले मी रोज जवस दिलं असतं, तरी ते गेलीच असती?"

"हो, आई."

"अन सायदेव?"

"सहदेवमामासुद्धा. तुझ्यामुळे कुणी गेलं नाही. तुझ्या हातात नव्हतंच ते."

जमुनाबाई रडल्या. इतक्या वर्षांत भावाच्या आणि आईच्या नावानं त्या अशा मोकळ्या रडल्या नव्हत्या, कारण आजवर प्रत्येक आठवणीच्या मागे तो दवाखान्यातला टीव्ही आणि स्वतःचा नाकर्तेपणा उभा असायचा. प्रणाली आईच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. डोळे पुसून जमुनाबाई उठल्या आणि हिवरखेडला जायला सकाळच्या अकोट गाडीची वेळ विचारायला त्यांनी उत्तमरावांना उठवलं. एसटीत आयुष्य काढलेल्या माणसाचा हा एकच उपयोग आता उरलाय, असं त्या नेहमी म्हणायच्या.

हिवरखेडला वामनरावांच्या अंगणात त्या पोचल्या तेव्हा चार-सहा बायका डबे घेऊन बसलेल्याच होत्या. दुर्गाबाईनं चहा ठेवला. वामनराव खाटेवर, तोंडावर तेज, पण गालफडं बसलेली. सहदेवाची अशीच बसली होती. ते पाहून जमुनाबाईंना वाटलं, याला आत नेऊन कानात सांगावं. चारचौघींत आपल्याच चटणीचं हसं कशाला करा? पण कानातलं वामनराव कानाबाहेर टाकतील, हेही त्यांना ठाऊक होतं. गावापुढे सांगितलेली गोष्ट गावापुढेच मोडावी लागते.

त्या उभ्या राहून म्हणाल्या, "बायाहो, ऐका. चटनी मी देईन, चवीसाठी देईन. पन रोगासाठी कोनी मांगू नका. जवसानं कॅन्सर टयत नाही. मी इतके वर्ष सांगत आली, ते चूक होय."

वामनराव खाटेवरून उठले. "बाई, कोनं भरवलं तुले? त्या पोट्टीनं? अन ते मशीनीत दिसलं ते?"

"ते मी दोन दिवस तुले चोरून चारलं ते दिसलं. रोग त्याच्या मांगं लपला असन तं कोनाले मायीत? डॉक्टरीनले काई दिसलं नाही म्हनजे रोग नाही असं नाही, वामन्या. मीच पडदा टाकला तिच्या डोयावर."

वामनराव एवढे भडकलेले गावानं कधी पाहिले नव्हते. "मंग काहून चारलं मले इतके वर्ष? लोकं हासत होते, मी जवस पेरत होतो. तुया शब्दावर पेरत होतो!"

"भेव लागे म्हनून!" जमुनाबाईंचा आवाज फाटला. "माय गेली, सायदेव गेला. तू एकलाच राह्यला मले. मायाजोळ दुसरं काई नव्हतं रे. डॉक्टरी नव्हती, काई नव्हतं. जवस होतं, तं ते देल्लं. देल्लं की त्या दिवशी झोप लागे मले." त्यांनी तोंडाला पदर लावला. "आता नाही लागत."

वामनरावांच्या आठवणीत बाई कधी कुणापुढे चुकलं म्हणाली नव्हती. लहानपणी आईची माठली हिच्या हातून फुटली, तेव्हासुद्धा हिनं मांजराचं नाव घेतलं होतं. ते खाटेवर बसले आणि दुर्गाबाईला म्हणाले, "थैली भर मायी. बाईसंगच जातो."

या खेपेला पथ्याची राखण उत्तमरावांकडे होती. त्यांनी फळीवरचे सगळे डबे शेजारी नेऊन ठेवले. अमरावतीला नळी आत गेली, डॉक्टरबाईंना सगळं स्वच्छ दिसलं आणि तीन गाठी निघाल्या. तिथल्या तिथे काढून त्यांनी तपासायला पाठवल्या. अहवाल येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते जमुनाबाईंनाच माहीत. देवापुढे नवस बोलायला गेल्या तर काय बोलावं सुचेना, कारण दरवेळी त्या देवाला जवसाची चटणीच बोलायच्या.

अहवाल घ्यायला सगळे गेले. डॉक्टरबाईंनी कागद वाचला आणि आज पहिल्यांदाच हसल्या. "एक गाठ वाकड्या वाटेला लागली होती. पण कॅन्सर झालेला नव्हता. वेळेवर आलात. आणखी दोन-तीन वर्षं गेली असती, तर मी हे सांगू शकले नसते. आता दरवर्षी यायचं."

जमुनाबाईंनी भर दवाखान्यात भावाचं डोकं छातीशी धरलं. बावन्न वर्षांचा बाप्या, पण सोडवून घेतलं नाही त्यानं. दुर्गाबाई एकीकडे रडत होती आणि एकीकडे नवऱ्याला सांगत होती, "कोन शायनं निंगालं आता? सांगा."

डॉक्टरबाईंनी पुढचा कागद ओढला. "आता यांच्या सख्ख्या भावंडांची तपासणी. कोण कोण आहे?"

"आता कोनी नाही बाई," जमुनाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "भाऊ होता, तो गेला. आता हा एकलाच."

प्रणाली खाली मान घालून बसली होती. या प्रश्नाचं खरं उत्तर कधीतरी आईला सांगावं लागणार, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण मामाचं मार्गी लागेपर्यंत तिनं ते गिळून ठेवलं होतं. शेवटी वामनरावच बोलले, अगदी हळू. "बाई, तू कोन होय मंग? तू बी तं त्याच मायची."

जमुनाबाईंनी भावाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. इतकी वर्षं सगळ्यांची काळजी वाहताना त्यांनी माहेरची माणसं मोजली होती ती स्वतःला सोडून. "मले काय झालं?" त्या घाईघाईनं म्हणाल्या. "मले काई नाही. मी तं रोज..."

पुढचा 'जवस' हा शब्द त्यांनी अर्ध्यातच सोडला. "मले भेव लागते, वामन्या," त्या म्हणाल्या.

वामनरावांनी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ घेतली. "लागनच. मले नव्हतं लागत काय? म्हनून तं तुया चटनीमांगं लपून बसलो होतो." मग त्यांनी डॉक्टरबाईंकडे वळून सांगितलं, "बाईचं नाव लिहा. जमुना. मी येतो तिच्यासंगं."